धुरावर जगणारं छप्पर

यूलानच्या आईने घर सोडायला चौथ्यांदा नकार दिला, तो फोन माझ्या स्वयंपाकघरातून झाला होता. यूलानच्या फ्लॅटमध्ये तिचा नवरा थीसिस लिहीत बसलेला असायचा आणि आमच्याकडे लँडलाइन होती. त्यामुळे दर मंगळवारी प्लेग्रुप संपला की ती कॉलिंग कार्ड घेऊन माझ्याकडे यायची. साउथहॅम्प्टनला सकाळचे अकरा वाजले की हायनानला संध्याकाळचे सहा. फोन स्पीकरवर ठेवायची, म्हणजे हात लेकीला, रोझीला, भरवायला मोकळे. मला तिच्या ह्लाय भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पलीकडची बाई हळू आवाजात जे तीनदा म्हणाली ते 'नाही'च होतं, हे माझ्या कस्तुरीलासुद्धा कळलं असतं, आणि कस्तुरी तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांची होती.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तेच. मी गेले तर घर मरेल."

"घर मरेल?"

"हो ना. मी म्हटलं, आणि तू मेलीस तर? तर म्हणाली, मग दोघं एकदमच मरू, तेवढंच सोयीचं." यूलान हसली, आणि हसता हसता तिने रोझीच्या तोंडात रिकामाच चमचा घातला. रोझीने तो चावून पाहिला आणि माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं बघितलं.

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. दोघींनाही ते सारखंच तोडकं-मोडकं, म्हणून बरं पडायचं. चर्चच्या हॉलमधल्या प्लेग्रुपला मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाकीच्या आया एकमेकींना आधीपासून ओळखत होत्या. मी आणि यूलान कोट काढायचा की नाही या विचारात दाराशी उभ्या राहिलो होतो, तिथून आमची मैत्री. ती ह्लाय होती. चीनच्या हायनान बेटाच्या मध्यावर डोंगरात राहणारे हे लोक. मी नागपूरची. दोघींचे नवरे दिवसभर आपापल्या कामात, दोघींच्या मुली दात येण्याच्या बेतात. एवढं पुरलं.

तिच्या गावाचं असं झालं होतं. डोंगरावरच्या जुन्या गवती घरांमधून सगळ्या गावाला खाली रस्त्यालगत विटांची पक्की घरं मिळाली होती. नळ, वीज, सगळं. हिवाळ्यात चाळीसच्या चाळीस कुटुंबं खाली उतरली. यूलानचा भाऊ शेंग, त्याची बायको, मुलं, सगळी उतरली. आई राहिली. अर्ध्या तासाच्या चढावर, चाळीस रिकाम्या घरांत एकटी. दर मंगळवारी शेंगच्या घरचं कुणीतरी मोबाइल घेऊन तिच्यापर्यंत चढायचं.

आणि जुलै लागला की तिकडे वादळं सुरू होतात. छपराची शाकारणी दोन वर्षं झाली नव्हती. ती एकट्या-दुकट्याचं काम नव्हेच. सगळा गाव एका दिवशी येतो, गवत बांधतो, घरवाला सगळ्यांना भाताची दारू पाजतो. आता गाव खाली, गवत कापायला कुणी नाही. शेंग सांगत होता, मागच्या अंगाला छपरातून आभाळ दिसतं. मोठ्या वादळात ते टिकणार नाही, आणि त्याच्याखाली आई.

यूलानला जाता येत नव्हतं. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी तिघांचे पासपोर्ट गेलेले होते.

"उचलून आणा म्हणावं शेंगला," मी म्हटलं.

"माझ्या आईला? उचलून?" यूलानने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चचा टॉवर उचलायला सांगितला होता.

मग ती एकदम म्हणाली, "भावना, तू घरं काढतेस ना?"

मी काढायचे. नागपूरला आर्किटेक्चर केलं, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. मग माझ्या नवऱ्याला, सम्यकला, इथल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टरची जागा मिळाली, मग कस्तुरी. शेवटचं मी काय काढलं होतं? कस्तुरीची कॉट खिडकीपासून किती लांब बसेल त्याचं चित्र, गॅसच्या बिलाच्या पाकिटावर.

"शेंग म्हणतो, नव्या घराच्या मागे थोडी जागा आहे. तिथे जुन्यासारखं छोटं घर बांधलं तर? नावेसारखं. आई तिथे राहील, शेंग पुढे राहील. पण बांधायचं तर आधी कागदावर काढून आण, असं तिथल्या ऑफिसातला माणूस म्हणतो. आणि शेंगला काढता येत नाही. तो बाराव्या वर्षी गाव सोडून शिकायला गेला, आता लॉरी चालवतो. त्याने त्या घरात झोपण्यापलीकडे काही केलेलं नाही."

"आणि तू?"

"मीपण तेराव्या वर्षी वसतिगृहात गेले. पण मला आठवतं."

तिने माझ्या ओट्यावरची ब्रेडची टिन घेतली आणि पालथी ठेवली. "हे आमचं घर."

---

ते घर मला पहिल्या दिवशी टिनमध्ये दिसलं, दुसऱ्या दिवशी दोन फोटोंमध्ये, आणि नीट दिसलं ते पुढच्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये.

फोटोंनी भागेना. एकात लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या मागे छपराची एक बाजू, दुसऱ्यात दारात उभी असलेली यूलानची आई, आणि तिच्या डोक्यावर अंधार. माप कुठलंच नाही. मी विचारायचे, रुंदी किती? यूलान म्हणायची, "आम्ही पाच जण आडवे झोपायचो आणि बाबा कुशीवर वळले की शेंगला भिंत लागायची." उंची? "मधल्या खांबाच्या, मेढीच्या, टोकाला मी खांद्यावर बसून हात लावायचे." कुणाच्या खांद्यावर? "बाबांच्या." तेव्हा तू किती वर्षांची? "सहा? सात?"

शेवटी प्लेग्रुप आवरल्यावर आम्ही हॉलच्या फरशीवर मास्किंग टेप लावायला घेतली. यूलान आडवी झाली. मी तिच्याशेजारी टेप लावली. ती सरकली, परत आडवी झाली. पाच यूलान झाल्या. मग आम्ही वाद घातला, कारण बाबा तिच्यापेक्षा रुंद होते. दार कुठे? मी माझ्या मनाने टेप लांब बाजूच्या मधोमध तोडली, कारण आमच्याकडे सगळी घरं तशीच. ओसरी लांबीला, दार ओसरीला.

"अगं, नावेला पोटातून दार असतं का?" यूलान ओरडली. "टोकाला! टोकाला!"

दार टोकाला गेलं. त्याच्यापुढे छपराखाली बसायची जागा. खिडकी नाहीच. गवताचं छप्पर दोन्हीकडे उतरत उतरत जवळजवळ जमिनीला टेकलेलं, भिंत म्हणजे बांबूचा कूड आणि त्यावर गवत कालवलेला चिखल. मधोमध तीन उंच मेढी, कडेला दोन्ही बाजूंना तीन-तीन बुटक्या.

"मधले तीन पुरुष," यूलान म्हणाली, "कडेच्या सहा बायका. आमच्याकडे असंच म्हणतात."

"म्हणजे छप्पर पुरुषांच्या डोक्यावर."

"डोक्यावर असेल. पण वाऱ्याने वर उचललं की धरून कोण ठेवतं? बुटक्या."

मॉरीन, प्लेग्रुप चालवणाऱ्या बाई, किल्ल्या वाजवत आल्या आणि टेपने आखलेल्या त्या लांबोळक्या आकाराकडे बघत राहिल्या. कस्तुरी रांगत चुलीच्या जागेवर जाऊन बसली होती. रोझी दारात.

"नाव बांधताय का, लव्ह?" त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणायच्या.

"घर," यूलान म्हणाली. "माझ्या आईचं."

मॉरीनने किल्ल्या खिशात टाकल्या. "मग बांधा. मी चहा ठेवते." आणि त्यांनी टेपला पाय न लावता, दारातून आत येऊन, दोन्ही मुलींना उचललं. दारातूनच आल्या. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

---

कस्तुरी दिवसातून दोनदा झोपायची. सकाळची झोप चाळीस मिनिटांची, दुपारची नशिबावर. सकाळची झोप लागली की मी ड्रॉइंगची शीट जेवणाच्या टेबलावर पसरायचे. भांडी तशीच, कपडे तसेच. पहिले दोन दिवस हात लाकडासारखा झाला होता, सरळ रेघ येईना. तिसऱ्या दिवशी छपराची कमान एका दमात आली आणि मला एवढा आनंद झाला, की आत जाऊन झोपलेल्या पोरीचा पाय हळूच हलवावासा वाटला. हलवला नाही. एवढी वेडी नव्हते.

सम्यकने ड्युटीवरून आल्यावर बघितलं. "हे घर आहे की पाणबुडी?"

"जेवायचंय ना तुला?"

"सुंदर पाणबुडी आहे," तो म्हणाला आणि ताट घ्यायला गेला. मग ताट हातात घेऊन परत आला आणि बराच वेळ उभा राहून बघत बसला.

आणि मग मी ते केलं. चुलीच्या वर, छपराला भोक पाडून, विटांचं एक धुराडं काढलं. चुलीसमोर कुडात एक खिडकी काढली.

ते मी सहज नाही केलं. माझी आई भंडाऱ्याकडच्या खेड्यात अठरा वर्षं चुलीवर स्वयंपाक करत होती. आमच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात संध्याकाळी आईचा चेहरा दिसायचा नाही, फक्त खोकला ऐकू यायचा. आज तिच्या एका डोळ्याने तिला पुसट दिसतं. कॉलेजात शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट निर्धूर चुलीवर होता. त्यामुळे यूलान जेव्हा म्हणाली की आतल्या चुलीला धुराडं नसतं, धूर आतच फिरतो, छपरातून झिरपून बाहेर जातो, तेव्हा मला आईचा तो खोकलाच ऐकू आला. म्हटलं, ही एक गोष्ट तर आपण सुधारून देऊ.

यूलानलाही पटलं. "हो, घाल! वसतिगृहातून सुट्टीला गेले की माझ्या केसांना आठवडाभर धुराचा वास यायचा. मुली नाक धरायच्या." धुराडं बघून ती हरखली. खिडकी बघून तर जास्तच. "आईला खिडकी! वा!"

आम्ही दोघी मुलींनी मिळून आमच्या आयांना धुरातून सोडवलं. शुक्रवारी मी शीट लायब्ररीत नेऊन स्कॅन केल्या, शेंगच्या ओळखीच्या सायबर कॅफेला मेल केल्या. यूलानने मोजमापांच्या शेजारी चिनी अक्षरांत नावं लिहून दिली होती. येताना आम्ही दोघींनी बाकावर बसून आइसक्रीम खाल्लं.

---

मंगळवारी फोन लागताच पलीकडून जे सुरू झालं ते हळू आवाजात नव्हतं.

यूलानने एक हात वर करून मला थांबवलं आणि ऐकत राहिली. मग वाक्यावाक्याला सांगायला लागली.

"शेंग कागद घेऊन वर गेला होता. आईने कागद फिरवून फिरवून बघितला. म्हणाली, हा दरवाजा, ही चूल, ह्या मेढी. बरोबर ओळखलं."

"अरे वा!"

"थांब. आता विचारतेय, घराला भोक पाडणारी ही पोर कुठली?"

"सांग, भारतातली."

"भारतात चुली नसतात का, विचारतेय."

"असतात म्हणावं. म्हणूनच तर. धूर वाईट असतो, डोळे जातात."

यूलानने सांगितलं.  मग ती बाई बोलायला लागली आणि या वेळी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. यूलानच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिने भाषांतर करायचं सोडून दिलं. कार्डावरचे शेवटचे क्षण सांगणारी बीप वाजली आणि फोन बंद झाला.

"काय झालं?"

"छप्पर धुरावर जगतं," यूलान म्हणाली. "धूर वर जातो, गवतात बसतो, गवत काळं पडतं. काळ्या गवतात किडा शिरत नाही, पाणी मुरत नाही. बांबू पोखरला जात नाही. धुराडं लावलं तर सगळा धूर बाहेर जाईल, आणि दोन पावसाळ्यांत छप्पर खाली येईल. वर टांगलेलं मक्याचं बियाणंसुद्धा धुरावरच टिकतं." तिने रोझीला मांडीवर घेतलं. "ती म्हणाली, चूल एक पावसाळा बंद राहिली तर घर मरतं. गावात चाळीस घरं रिकामी झाली, त्यांच्या चुली विझल्या. त्यातली सात आताच बसली. म्हणून ती जात नाहीये. ती रोज चूल पेटवते. स्वयंपाक असो नसो."

मी टेबलावरची शीट गुंडाळून ठेवली.

"मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, विचारलं कुणी? सगळे सांगतच होते, खाली चल, खाली चल."

यूलान रोझीला घेऊन गेली. मी भांडी घासली. मला लाज वाटत होती, साधी, कान गरम करणारी लाज. बी.आर्क. केलेलं. गवताचं छप्पर काढलं, आणि ते कशावर उभं असतं ते माहीत नाही.

दुपारी मी नागपूरला फोन लावला.

"जय भीम, आई."

"जय भीम. काय करून राहिली? पोरगी झोपली का?"

मी तिला सगळं सांगितलं. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही, म्हणजे तिला विषय आवडला होता.

"बरोबर बोलते ते बाई," ती म्हणाली. "आपल्या चुलीवरच्या फाट्याला कधी कीड लागली का? नाही. पुढच्या छपरीचे वासे तुझ्या बाबाला दोनदा बदलावे लागले. आतले तसेच होते, डांबरासारखे."

"पण तुझे डोळे, आई?"

"डोळे गेलेच नं. ते पण खरं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अवो, पण मी सांगू का? खाली बसून सैपाक करायचो तोवर एवढा त्रास नव्हता. धूर डोक्यावरून जाये. मग ओटा केला, उभ्याने करायला लागली, अन् धूर थेट तोंडात. तुझ्या बाबाला कोण सांगे? त्यांनी केवढ्या हौसेने बांधला होता ओटा."

हे मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"काय करू म्हणजे? भोक बुजव. अन् त्या बाईला बसू दे खाली."

---

मी नवीन शीट काढली. धुराडं काढून टाकलं. खिडकी काढून टाकली. चूल जमिनीवर, तीन दगडांची, मधल्या आणि मागच्या मेढीच्या मध्ये, जिथे यूलानला आठवत होती तिथे. दोन दिवसांच्या चार झोपा लागल्या. गुरुवारी यूलान शीट स्कॅनला न्यायला आली तीच धापा टाकत.

"उशीर झाला. शेंगने सुरू केलं."

"काय सुरू केलं?"

"बांधायला! त्याला लॉरीतून सहा दिवस सुट्टी मिळाली. ऑफिसातल्या माणसाने पहिल्या कागदावर शिक्का दिला. शेंग म्हणतो, आई काहीही बोलते, धुराडं चांगलंच आहे. मेढी पुरल्यासुद्धा. धुराड्याच्या विटा आल्या."

"थांबव त्याला!"

"मी थांबवू? मोठा भाऊ आहे माझा."

आम्ही दोघी उभ्याच होतो. बातम्यांमध्ये यूलानच्या नवऱ्याने बघितलं होतं, दक्षिणेकडच्या समुद्रात एक वादळ तयार होत होतं. आठवडाभरात कुठे वळेल ते सांगता येत नव्हतं. शेंगचं छोटं घर उभं राहील, आणि ते चुकीचं असेल, आणि आई त्यात पाऊल टाकणार नाही. ती वर तशीच बसेल, आभाळ दिसणाऱ्या छपराखाली. आणि त्या घराला भोक मी पाडलं होतं.

"फोन कर," मी म्हटलं. "आईला कर. शेंगच्या बायकोला सांग, फोन घेऊन वर जायला."

ती गेली वर, बिचारी, अर्धा तास चढून. आम्ही पाऊण तासाने पुन्हा फोन लावला. यूलानने आईला दोनच वाक्यं सांगितली. पलीकडून उत्तरच आलं नाही. काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, मग शेंगची बायको हसत हसत काहीतरी म्हणाली.

"काय?"

"आई निघाली," यूलान म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. "कोयता घेऊन."

---

पुढचे पाच दिवस यूलान रोज आली. मंगळवार असो नसो.

पहिल्या दिवशी आईने शेंगच्या पुरलेल्या नऊ मेढी बघितल्या आणि सात उपटायला लावल्या. मधल्या तीन बुटक्या आणि कडेच्या उंच झाल्या होत्या का? नाही, तेवढं त्याला कळत होतं. पण त्याने लाकूड उलटं पुरलं होतं. झाडाचा शेंडा खाली. असं घर डोक्यावर उभं राहतं, ती म्हणाली, माझ्या पोराने मला डोक्यावर उभी केली. सगळ्या नव्या गावाने ते ऐकलं. विटांच्या घरांतून माणसं बाहेर आली.

मी माझी शीट बघितली. मेढीचा शेंडा कुठे ते माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. मी लाकूड म्हणजे लाकूड धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. संध्याकाळी वर गेली, चूल पेटवायला. तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खाली. तिला म्हणे वेताच्या गाठी कुणाच्याच पसंत पडेनात. एका म्हाताऱ्याने सांगितलं, मी बांधतो. ती म्हणाली, तू बांधलेलं तुझं घर पहिलं बसलं. म्हातारा रागावून गेला आणि तासाभराने आपली दोन मुलं घेऊन आला, आता बघच म्हणाला.

"किती माणसं आहेत?" मी विचारलं.

"शेंग म्हणतो, तीस असतील. आई शिव्या घालतेय आणि माणसं वाढतायत." यूलान फोनजवळ कान नेऊन ऐकत होती, स्पीकर चालू असूनही. "त्यांनीही दोन वर्षं बांधलं नव्हतं ना."

मी विचारलं, "ती राहील का पण?"

"रोज संध्याकाळी वर जातेय."

तेच तर होतं. ती बांधायला खाली येत होती आणि जगायला वर जात होती. 

पाचव्या दिवशी गवत चढलं. एका दिवसात, सगळ्या गावाने. फोनवर नुसता गोंधळ ऐकू येत होता, हसणं, ओरडणं, कुणीतरी गाणं म्हणत होतं. भाताची दारू निघाली होती. शेंगनेही घेतली होती. तो बहिणीशी बोलता बोलता रडला आणि मग धुराड्याच्या विटांचं आता काय करू, असं विचारायला लागला.

त्याच रात्री वादळ वळलं. बेटाकडेच.

बुधवारी फोन लागला नाही. गुरुवारी लागला नाही. यूलान सकाळी आठलाच यायची. आम्ही तासातासाने नंबर फिरवायचो, तीच रेकॉर्ड केलेली बाई चिनी भाषेत तेच सांगायची. मी रोझी आणि कस्तुरीला एकाच टबात अंघोळ घातली. खिमट केलं. यूलान माझ्या पायरीवर बसून राहिली. एकदा म्हणाली, "कागदच पाठवला नसता तर बरं. शेंगने उचलूनच आणली असती."

"तूच म्हणालीस, तिला उचलता येत नाही."

"येतं गं. चाळीस किलोची आहे."

शुक्रवारी सव्वानऊला फोन लागला.

शेंगच होता. यूलानने त्याला श्वासही घेऊ दिला नाही, एकच प्रश्न तीनदा विचारला. त्याने काहीतरी उत्तर दिलं आणि ती खाली, फरशीवर बसली. मी घाबरले. मग तिने माझा हात धरला आणि हसत हसत, नाक पुसत सांगायला लागली.

गवत चढलं त्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवले. आई उठली, वर निघाली. गावाच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. परत आली. नवीन छपरात हात घालून बघितलं. गवत ओलं होतं, घाईत कापलेलं. शेंगच्या बायकोला विचारलं, ह्याला आज रात्री धूर कोण देणार? ती म्हणाली, उद्या बघू. आई म्हणाली, ओल्या गवताला पहिल्या रात्री धूर नाही मिळाला तर आतून कुजायला लागतं, मग ते पाडायला वादळसुद्धा लागत नाही. तू रात्रभर चूल जागती ठेवशील? सुनेला ते येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. चूल पेटवता सगळ्यांना येते, पण जाळ न करता रात्रभर नुसतं धुमसत ठेवायचं, ते तिच्यासारख्यांनाच जमतं.

दोन चुली. बाई एक.

"मग?"

"मग ती बसली. खाली, नव्या चुलीपाशी. तीन दिवस हलली नाही. वादळ आलं, गेलं. विटांच्या घरांचे पत्रे उडाले दोन ठिकाणी. हे राहिलं."

"आणि वरचं?"

यूलानने भावाला विचारलं. उत्तर ऐकताना तिने माझा हात सोडला.

"वरचं मागचं अंग गेलं. चूल त्याच्या आधीच विझली होती. तिने विझवली नाही. फक्त लाकूड घालायला गेली नाही." मग ती फोनमध्ये म्हणाली, आईला दे. एवढं मला कळत होतं आता, 'आई' आणि 'दे'.

खूप वेळ लागला. मग तो आवाज आला, बसलेला, घोगरा. यूलानने भराभर काहीतरी विचारलं, बहुधा जेवलीस का, झोपलीस का, डोळे दुखतात का. पलीकडून तीन-चार शब्द आले. आणि फोन बंद.

"कट झाला?"

"नाही. ठेवला." यूलान रिसीव्हरकडे बघत होती. "म्हणाली, लाकूड ओलं आहे, मला बोलायला वेळ नाही."

ती हसली. मी पण हसले. कस्तुरीने टाळ्या वाजवल्या, तिला नुकत्याच यायला लागल्या होत्या. मी ओट्याकडे वळून तांदूळ धुऊन कुकर लावला आणि मागे वळून बघितलं तर यूलान मागच्या दारात, पायरीवर, आमच्या छोट्या अंगणाकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मला ती खालीच यायला हवी होती," ती म्हणाली. "चार महिने मी दुसरं काही मागितलं नाही."

"हो."

"पण ते घर..." तिने गुडघे जवळ घेतले. "मी तिथे जन्मले, भावना. चुलीच्या मागे. आता तिथे धूर नाही."

 मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आत कुकरची पहिली शिट्टी झाली, रोझी दचकून रडायला लागली आणि तिचं बघून कस्तुरी. मी उठायला लागले तर यूलानने माझी बाही धरली.

"रडू दे दोन मिनिटं," ती म्हणाली. "त्यांनाही आणि मलाही."

मग आम्ही चौघी तशाच बसलो. दोघी आत रडत होत्या, आम्ही दोघी पायरीवर, आणि उन्हात शेजाऱ्यांच्या कुंपणावरची मांजर आमच्याकडे बघत होती.